अल श्मिट, 'ईक्यू नको' आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोल्या

षड्ज (धागाकर्ता)

घरगुती रेकॉर्डिंगची चर्चा कुठेही रंगली की दहा-वीस प्रतिसादांत अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअर अल श्मिट यांचं नाव निघतंच. ते बहुधा एकाच वाक्यासाठी निघतं: "श्मिट ईक्यू (इक्वलायझर, आवाजातला खर्ज, मधला किंवा वरचा भाग कमी-जास्त करणारं साधन) वापरत नसत." हे वाक्य इतकं फिरलंय की त्यामागचं काम नजरेआड झालं. काहीजण त्याचा देव्हारा करतात, तर काहीजण "त्यांच्याकडे कॅपिटल स्टुडिओ होता, आपल्याकडे काय आहे" म्हणून ते उडवून लावतात. दोन्हीकडे मुद्द्याचं राहून जातं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३०, ब्रुकलिन. काका हॅरी स्मिथ यांचा न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ होता, तिथे शाळकरी वयापासून उमेदवारी. नौदलातून परतल्यावर एपेक्स स्टुडिओत नोकरी, तिथे इंजिनिअर टॉम डाउड यांच्या हाताखाली शिक्षण. १९५८ च्या सुमारास लॉस एंजेलिस. हेन्री मॅन्सिनी यांच्या 'हटारी!'साठी पहिलं ग्रॅमी, पुढे जॉर्ज बेन्सन यांचा 'ब्रीझिन' (१९७६), 'टोटो ४' (१९८२), नॅटली कोल, डायना क्रॉल, रे चार्ल्स यांचा 'जीनियस लव्हज कंपनी' (२००४). वीसेक ग्रॅमी नावावर. एप्रिल २०२१ मध्ये, ९१ व्या वर्षी निधन; अगदी शेवटच्या वर्षांपर्यंत कामात होते.

एवढं असूनही माणूस हातचं काही राखून ठेवणारा नव्हता. कुठला माइक, कुठल्या पॅटर्नवर (माइक कुठल्या दिशांनी आवाज घेतो ते), किती अंतरावर, कुठला प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग), हे विचारणाऱ्याला ते सरळ सांगून टाकत. आणि श्रेय द्यायची वेळ आली की आधी अरेंजर, मग वादक, मग आपला सहायक. घरी काम करणाऱ्यांमध्ये त्यांचा जो मान आहे त्याचं मोठं कारण हा मोकळेपणा आहे असं मला वाटतं. मोठ्या नावांपैकी बऱ्याच जणांचं काम आपण फक्त ऐकू शकतो. यांचं काम करूनही बघता येतं.

आता ईक्यूबद्दल. एपेक्सच्या काळात त्यांच्यासमोरच्या कन्सोलवर ईक्यू नव्हतेच. मोजके इनपुट, बाहेर एक मोनो ट्रॅक. तीन तासांच्या सेशनमध्ये चार गाणी संपवायची, आणि नंतर मिक्स करू म्हणायची सोय नाही. ब्रासला धार हवी असेल तर माइक बदलायचा, व्हायोलिन किरकिरत असतील तर माइक वर घ्यायचा. सवय तिथे लागली. पुढे हाताशी हवं तेवढं ईक्यू आलं तरी हात आधी माइककडेच जायचा. 'ईक्यू वाईट' असं त्यामागे काही नाही. जे माइक सरकवून होतं त्याला ईक्यू लावायचं नाही, एवढंच ते आहे.

त्यांची कामाची पद्धत अशी. आधी वादकांच्या खोलीत जाऊन, कंडक्टर उभा राहतो तिथे उभं राहून वाद्यमेळ कानांनी ऐकायचा. मग कंट्रोल रूममध्ये येऊन स्पीकरमधून तेच ऐकू येतंय का बघायचं. येत नसेल तर बाहेर जाऊन माइक हलवायचा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) असला तर सुई एक-दोन डेसिबल हलेल इतकाच. बाकी सगळं फेडरवरच्या (पातळीच्या सरकत्या दांडीवरच्या) बोटानं.

यातलं काय आपल्या खोलीत चालतं आणि काय चालत नाही, यावर नेमकं बोलूया. आकडे, अंतरं, माइकची नावं घेऊन.

---

डोंबिवलीकर

चांगला विषय, पण मी विरुद्ध बाजूनं सुरुवात करतो, कारण नवीन लोक असं वाचून ईक्यूला हात लावत नाहीत आणि मग गाणं पिंपातून आल्यासारखं वाजतं.

श्मिट यांच्या हिशेबात तीन गोष्टी गृहीत आहेत: उत्तम वादक, उत्तम माइक आणि उत्तम खोली. आपलं घोडं तिसऱ्यापाशी अडतं. १० × १० फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. ३.०५ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमधला पहिला मोड (ज्या कंपनसंख्येला खोली घुमते ती) ३४३ ÷ (२ × ३.०५), म्हणजे ५६ हर्ट्झ, दुसरा ११२. तिन्ही मापं सारखी असल्यानं तिन्ही दिशांचे मोड एकमेकांवर बसतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र कोमल धैवत ११० हर्ट्झच्या जवळ येतो. तो स्वर लागला की खोली उठते आणि शेजारचा पंचम किंवा मध्यम त्यामानानं पडतो. याला माइक कुठला का असेना.

अशा ठिकाणी ११० च्या आसपास ३-४ डेसिबल कमी करणं हा गुन्हा नाही.

---

षड्ज

@डोंबिवलीकर, गुन्हा मुळीच नाही. फक्त क्रम बघा. त्याच खोलीत माइक आणि गायक बरोबर मधोमध असतील तर पहिल्या मोडचा दाब तिथे सर्वांत कमी आणि दुसऱ्याचा सर्वांत जास्त. म्हणजे ११२ नेमका तिथेच फुगतो. खोलीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे भिंतीपासून अडीच फुटांवर, दुसऱ्या मोडचा दाब जवळजवळ शून्य. पूर्ण अडीच फुटांवर बसवलं तर भिंतीचं परावर्तन त्रास देतं, पण मध्यापासून दोन फूट सरकवलं तरी मंद्र धैवताचा फुगवटा कानाला कळेल इतका उतरतो. पैसे लागत नाहीत. त्यानंतरही उरलं तर ईक्यू लावा, ४ च्या जागी १.५ डेसिबल पुरेल.

शिवाय फुगवटा हा एक स्वर लांबण्याचा प्रकार आहे. ईक्यू त्याची पातळी कमी करतं, लांबण तशीच राहते.

---

वही_पेटी

श्मिट यांचं "माइक हलवा" घरी कसं करायचं ते लिहितो. हलवा म्हणजे किती आणि कुठे, हे सहसा कोणी सांगत नाही.

एकच कार्डिओइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) कंडेन्सर माइक आहे असं धरून चाला. त्याच्याकडे चार नॉब आहेत असं समजा: अंतर, उंची, कोन आणि खोलीतली जागा.

अंतर. १० सेंमीवर प्रॉक्सिमिटीमुळे (माइक जवळ आल्यानं खर्ज वाढतो त्यामुळे) खर्ज जाड होतो, २५ सेंमीवर सरळ होतो, ४० च्या पुढे खोली ऐकू यायला लागते. भावगीतासाठी २० ते २५ सेंमी. अंगठा आणि करंगळी ताणून वीत धरली की होतं तेवढं.

उंची. माइक नाकाच्या रेषेत ठेवून खाली तोंडाकडे रोखला तर स, श, च बोचत नाहीत. हनुवटीखाली ठेवून वर रोखला तर आवाजाला छातीचा भरणा येतो, पण श्वास जास्त ऐकू येतात.

कोन. मोठ्या डायफ्रॅमचे (माइकमधल्या थरथरणाऱ्या पडद्याचे) बहुतेक माइक समोरून चमकदार असतात आणि २०-३० अंश वळवले की वरचा भाग उतरतो. प, फ, भ यांचे फटकेही वळवल्यानं चुकतात, कारण हवेचा झोत सरळ जातो. पॉप फिल्टर माइकपासून ८-१० सेंमी दूर. चिकटवून ठेवला तर त्याचा उपयोग निम्मा होतो.

खोलीतली जागा वर येऊन गेली.

आता प्रयोग. गाण्याच्या एकाच दोन ओळी सहा जागांवर घ्या. सगळ्या फाइलींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. हे केलं नाही तर जी मोठी तीच चांगली वाटते. नावं लपवून दुसऱ्या दिवशी ऐका. जी जागा निवडाल तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा, गायकाच्या पाटाला आणि स्टँडच्या पायांना.

आणि एक फार दुर्लक्षित गोष्ट: गाण्याची वही. माइकपासून तोंड २५ सेंमी, आणि त्या दोघांखाली १५ सेंमीवर वही आडवी पसरलेली. थेट आवाज २५ सेंमी चालतो, वहीवरून उडालेला ३९. फरक १४ सेंमी, म्हणजे ०.४१ मिलिसेकंद. १२०० हर्ट्झच्या जवळ खाच पडते, पुढे ३६०० ला दुसरी. उडालेला आवाज फक्त चार डेसिबल हळू असतो, त्यामुळे खाच खोल असते. गायकानं मान हलवली की खाच सरकते, म्हणून कुठल्याही ईक्यूनं ती भरत नाही. लोक म्हणतात माइक नाकात बोलतो. नव्वद टक्के वेळा वही किंवा लॅपटॉप असतो. वही माइकच्या मागे उभी करा किंवा बाजूला घ्या. नाहीच जमलं तर स्टँडवर जाड टॉवेल टाकून वरती एकच पान.

---

नवखा_साउंड

खूप उपयोगी. माझा प्रश्न: ऑडिओ टेक्निका एटी२०२० माइक आणि स्कारलेट २आय२ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे. गायन, पेटी, तबला असं एकत्र घ्यायचंय. श्मिट ऑम्नी पॅटर्न (सगळ्या बाजूंनी सारखा आवाज घेणारा) फार वापरत असं वाचलं. एटी२०२० विकून एटी२०५० घ्यावा का? त्यात ऑम्नी आहे.

---

सॅन_होजेकर

@नवखा_साउंड, आधी ऑम्नी का, ते बघूया, मग विकण्याचं ठरवा.

श्मिट यांचा तर्क लीकेजचा होता. एकाच खोलीत सगळे वाजवतात तेव्हा प्रत्येक माइकमध्ये शेजारच्याचा आवाज शिरणारच. कार्डिओइड माइक बाजूनं आणि मागून येणारा आवाज बिघडलेल्या रंगाचा करून घेतो, विशेषतः स्वस्त माइक. ऑम्नीत तो आवाज नैसर्गिक रंगाचा येतो. म्हणजे लीकेज थांबवण्यापेक्षा ती चांगली वाजेल असं बघणं. चांगल्या माइकमधली लीकेज ते मित्र मानत.

बॉब डिलन यांचा 'शॅडोज इन द नाइट' (२०१५) ऐका. कॅपिटलच्या स्टुडिओ बी मध्ये सगळे एका खोलीत, हेडफोन नाहीत, बूथ नाहीत, नंतरची जोडकामं नाहीत. वादकांनी एकमेकांना ऐकून आपली पातळी सांभाळली आणि अर्धं मिक्स तिथेच झालं. हेडफोन काढला की गायक-वादक आपोआप एकमेकांच्या खाली-वर होतात. आपल्याकडच्या बैठकीत हे रोजचंच आहे, त्यामुळे ही पद्धत मराठी घराला परकी नाही. मुंबईतही १९५०-६० च्या दशकांत गाणी ताफ्यासकट एका दमात होत.

पण ऑम्नी छोट्या खोलीत चारी बाजूंनी खोली घेतो. हिशेब साधा आहे: थेट आवाज आणि खोली यांचं प्रमाण तेवढंच ठेवायचं तर कार्डिओइड ऑम्नीच्या १.७ पट लांब ठेवता येतो. म्हणजे कार्डिओइड ५० सेंमीवर जे देतो ते ऑम्नी ३० सेंमीवर देईल. ऑम्नीत प्रॉक्सिमिटी नाही, म्हणून एवढ्या जवळ जाऊनही खर्ज फुगत नाही. हा फायदा घ्यायचा असेल तर ऑम्नी घ्या. लांबून खोलीसकट घ्यायला आपली खोली त्या लायकीची नसते.

(खऱ्या दाब-पद्धतीच्या ऑम्नीला आणि दोन डायफ्रॅम जोडून केलेल्या ऑम्नीला एका मापानं मोजू नका. दुसऱ्या प्रकारातला वरच्या पट्टीत पूर्ण गोल राहत नाही.)

तुम्हाला मी विकू नका असंच सांगेन. दुसरा माइक घ्या.

---

डोंबिवलीकर

मापनाचा ऑम्नी माइक स्वस्तात मिळतो, बेहरिंगर ईसीएम८००० सारखा, म्हणून काहीजण तो गाण्याला लावतात. त्याचा स्वतःचा सूं आवाज जास्त आहे. तबल्याला चालेल, तानपुऱ्याला किंवा हळू आलापीला नाही. तिथे कमी स्वयंध्वनीचा माइक हवा. रोड एनटी१-ए ५ डेसिबल-ए सांगतो, ते या किमतीत फार चांगलं.

---

ताल_किनार

@नवखा_साउंड, तबल्याचं मी सांगतो. इथे 'दोन माइक म्हणजे जास्त चांगलं' हा समज फार नुकसान करतो.

तीनास एकचा नियम माहीत असेल: माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये हवं. डग्गा आणि दायाँ यांच्या मध्यांमध्ये साधारण फूटभरच अंतर असतं. म्हणजे नियम पाळायचा तर दोन्ही माइक चार बोटांवर हवेत. तेवढ्या जवळ शाईचा टक आणि हाताची घसरण तेवढी येते, वाद्य येत नाही. २० सेंमीवर नेले तर दोन्ही माइक दोन्ही वाद्यं घेतात आणि मिसळल्यावर 'धा' पोकळ होतो. हे ऐकू आलं की लोक ईक्यूनं खर्ज वाढवतात, आणि तिथून गाडी घसरते.

एक माइक पुरे. दोन्ही तबल्यांच्या मधोमध, पुड्यांपासून ३५-४० सेंमी वर, वादकाच्या समोरच्या बाजूनं थोडा झुकलेला. वादकाचा हात माइकला लागणार नाही आणि बोल स्पष्ट येतील. आता तोल. डग्गा कमी वाटला तर माइक पाच सेंमी डग्ग्याकडे सरकवा, ईक्यू नाही. 'ना' टोकदार हवा तर तोंड दायाँच्या किनारीकडे, गोल हवा तर शाईकडे. तोंडाची दिशा दोन बोटं बदलली तरी फरक पडतो.

स्टिरिओ हवाच असेल तर दोन सारखे माइक, डायफ्रॅम एकमेकांवर, ९० अंशात. दोघांपर्यंत आवाज एकाच वेळी पोचतो, म्हणून मोनोत पोकळी येत नाही.

तबला सुरात लावणं हे पहिलं ईक्यू. पाव स्वर उतरलेला दायाँ कितीही महागड्या माइकमध्ये मेलेलाच वाजतो. श्मिट यांच्या यादीत माइकच्याही आधी वाद्य येतं ते यासाठी. गट्टे ठोकून, गजऱ्यावर फिरून, सोळाही घरं जुळल्याशिवाय लाल बटण दाबू नका, आणि दर दोन टेकनंतर परत तपासा. एसी बंद केल्यावर दमटपणानं पुडी उतरते, हे पावसाळ्यात हमखास.

---

वही_पेटी

पेटीचं मी जोडतो. आवाज वरच्या फटींतून आणि मागच्या भात्याच्या बाजूनं येतो. भात्याकडे माइक ठेवला तर हवेचा फुसफुसाट आणि बिजागरीची कुरकुर. पट्ट्यांच्या सरळ वर ठेवला तर खटखट. मंद्राच्या बाजूनं, कडेपासून ४५-५० सेंमीवर, पेटीच्या झाकणापेक्षा थोडा वर, आणि तोंड तार सप्तकाकडे. असं केल्यानं खर्जाच्या जोरकस रीड माइकच्या थोड्या बाहेर पडतात आणि तोल बसतो. पेटीखाली घोंगडी, टाइलवर सतरंजी. बिजागरीला मेणाचा हात आदल्या दिवशी. श्मिटदेखील मोठ्या सेशनची मांडणी आदल्या संध्याकाळी करून ठेवत.

गायन आणि पेटी एकच व्यक्ती करत असेल तर दोन माइकचा मोह आवरून एक माइक छातीच्या उंचीवर ५० सेंमीवर ठेवून बघा. जमतं.

---

फेडरवाला

इतकं सगळं झालं पण माझ्या मते श्मिट यांची खरी कला अजून आलेलीच नाही: बोट. गायनावर कॉम्प्रेसरची सुई एक-दोन डेसिबल हलायची आणि पातळी सांभाळायचं काम हात करायचा. गाताना, रेकॉर्ड होत असतानाच. गाण्याचे शब्द समोर, कुठे आवाज चढणार ते आधी माहीत, आणि चढायच्या क्षणभर आधी फेडर खाली. कॉम्प्रेसरला पुढची ओळ माहीत नसते. माणसाला असते.

घरी रेकॉर्ड करताना हे करू नका, चूक परत भरून येत नाही. नंतर करा, पण कॉम्प्रेसरच्या आधी. पद्धत:

गेन असा लावा की सर्वांत मोठा स्वर −१० ते −१२ डेसिबल फुल स्केलला लागेल. २४ बिटमध्ये याहून वर जायची गरज नाही.

रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) असेल तर ट्रॅकवर प्री-एफएक्स व्हॉल्यूमचं एन्व्हलप (वेळेनुसार पातळी बदलणारी रेघ) उघडा. साध्या व्हॉल्यूम एन्व्हलपवर केलं तर ते कॉम्प्रेसरच्या नंतर लागतं आणि फायदा निघून जातो. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप गेन वापरा.

पहिली फेरी ओळीओळीनं. अंतरा बहुतेक वेळा ध्रुवपदापेक्षा ३-४ डेसिबल मोठा असतो, तो १.५-२ नं उतरवा. पूर्ण सपाट करू नका, चढणं हा गाण्याचा भाग आहे.

दुसरी फेरी शब्दांच्या शेपट्या. मराठी गाण्यात ओळीचा शेवटचा अक्षरांश हमखास बुडतो, विशेषतः अकारान्त शब्दांतलं शेवटचं व्यंजन. 'सावळ', 'पाऊस', 'मनात' यांतला ळ, स, त २ ते ३ डेसिबल वर घ्या. फक्त ते व्यंजन, त्याआधीचा स्वर नाही. श्रोता शब्द ऐकतो, आवाज वाढवल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरी फेरी स, श, छ. डी-एसरच्या (स-श यांची बोच आपोआप कमी करणाऱ्या साधनाच्या) जागी तेवढाच तुकडा ३-४ डेसिबल खाली. एन्व्हलपची उतरण दहा मिलिसेकंदांची ठेवा, नाहीतर टिक ऐकू येतो.

चौथी श्वास. काढून टाकू नका, ५-६ डेसिबल खाली. श्वास पुसलेलं गाणं मेलेलं वाटतं.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसर लावा: २:१, अटॅक २०-३० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास, आणि थ्रेशोल्ड असा की सुई सर्वांत मोठ्या जागी दोन डेसिबलच हलेल. जास्त हलत असेल तर थ्रेशोल्डला हात लावू नका, परत एन्व्हलपकडे जा. चार मिनिटांच्या गाण्याला या सगळ्याला तासभर लागतो. तो तास वाचवायला लोक तीन कॉम्प्रेसर ओळीनं लावतात आणि आवाज भिंतीला चिकटतो.

---

सॅन_होजेकर

फेडरवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. एक जोड: श्मिट यांचा हेडफोन मिक्सवर फार कटाक्ष होता. वादकाच्या कानात काय जातंय ते स्वतः ऐकायचं. घरी हे सर्रास राहतं. गायकाच्या कानात ट्रॅक फार मोठा असेल तर सूर उतरतो, स्वतःचाच आवाज फार मोठा असेल तर गायक दबून गातो. तानपुरा नेहमी बाकी वाद्यांपेक्षा थोडा वर ठेवा. बंद पाठीचे हेडफोन वापरा (एम५०एक्स किंवा सोनी ७५०६ काहीही), नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरतो.

उशीर: १२८ सॅम्पल्सचा बफर ४८ किलोहर्ट्झवर २.७ मिलिसेकंद एका दिशेनं, येऊन-जाऊन आणि ड्रायव्हर धरून आठ-दहा होतात. गायकाला ते स्वतःच्या हाडांतून येणाऱ्या आवाजाबरोबर ऐकू येतं आणि आवाज विचित्र वाटतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरा. रिव्हर्ब हवा असेल तर तेवढाच कॉम्प्युटरवरून पाठवा, त्याला दहा मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही.

---

वायरमन_ठाणे

माइक-खोली सगळं ठीक, पण विजेचं कोणी बोललं नाही. बहुतेक घरगुती रेकॉर्डिंगमधलं ईक्यू हे हम लपवायला लावलेलं असतं.

५० हर्ट्झचा घुं म्हणजे सहसा अर्थिंग किंवा अनबॅलन्स्ड वायर. १०० आणि त्याच्या पटींतला करकर म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर. पंखा बंद करा, पण नुसता शून्यावर नाही, स्विचवरून. लॅपटॉपचा दोन पिनी चार्जर किंवा स्वस्त चार्जर असेल तर टेकपुरता काढा आणि बॅटरीवर घ्या. करकर गेली तर दोषी तोच. इन्व्हर्टरवर घर चालू असताना रेकॉर्ड करू नका, चौकोनी लहरीवाला असेल तर ट्रॅकभर खरखर.

अर्थिंगची पिन तोडून हम घालवणं हा उपाय कधीही करू नका. इंटरफेस माइकला देतो त्या ४८ व्होल्ट फँटमचा नाही, मेनचा झटका बसतो. तिन्ही पिनांची पट्टी घ्या आणि इंटरफेस, लॅपटॉप, स्पीकर सगळे तिच्यावरच लावा. एका पॉइंटवरून सगळं घेतलं की ग्राउंड लूपची (अर्थिंगच्या दोन वाटांतून होणाऱ्या घुंची) शक्यता बरीच कमी होते.

---

डोंबिवलीकर

खोलीबद्दल शेवटचं. अंड्यांचे ट्रे लावू नका. पुठ्ठा पातळ, वरची चमक थोडी खातो, मधला आणि खालचा भाग तसाच. खोली मग आणखी मातकट वाजते. रॉकवूल घ्या, ४८ किलो घनतेचं, ५० मिमीचे दोन स्लॅब एकावर एक. ४ × २ फुटांची लाकडी चौकट, वर मांजरपाट ताणून. हातमोजे आणि मास्क घालूनच कापा, आणि सगळ्या बाजूंनी कापड नीट बंद करा. असे चार पॅनेल: दोन गायकाच्या पाठीमागे, कारण कार्डिओइड माइकचं तोंड तिकडेच असतं, आणि दोन कडेला. भिंतीपासून ३-४ इंच पुढे ठेवले की तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं. लोक माइकच्या मागे अर्धगोल ढाल लावतात आणि गायकाच्या मागची भिंत उघडी ठेवतात. ते उलटं आहे.

५६ हर्ट्झला यानं काही होणार नाही, आणि ११२ ला षड्ज म्हणतात तसं जागाच बदला.

---

नवखा_साउंड

सगळ्यांचे आभार. एटी२०२० ठेवतोय. दोन शंका राहिल्या. श्मिट हळू आवाजात मिक्स करत म्हणतात, ते किती हळू? आणि लो-कट फिल्टर (ठरावीक कंपनसंख्येखालचा आवाज कापणारा) ईक्यूत धरायचा की नाही? माइकवर स्विच नाही.

---

षड्ज

@नवखा_साउंड, खोलीत कोणी बोललं तर त्याचा शब्द कळेल इतकं हळू. फोनवरच्या मीटरनं ७० डेसिबलच्या जवळपास. या पातळीला खर्ज कानाला कमी लागतो, म्हणून हळू ऐकून डग्गा वाढवायचा मोह होतो; ओळखीचं, चांगलं मिक्स झालेलं गाणं त्याच पातळीला मध्येमध्ये लावत राहा. फायदा असा की खोलीचे मोड कानाला कमी जाणवतात, कान थकत नाहीत, आणि गायन बरोबर बसलंय की नाही ते लगेच कळतं. मोठ्यानं सगळंच छान लागतं.

लो-कट जरूर लावा, गायनावर ७५-८० हर्ट्झला. पण आधी स्टँड जमिनीपासून तोडा: प्रत्येक पायाखाली दुमडलेला टॉवेल किंवा योगा मॅटचा तुकडा. पाटावर बसलेल्या गायकाच्या पायाचा ठेका आणि वरच्या मजल्यावरची पावलं यानं बरीच गळतात. काळी एक पट्टीत मंद्र मध्यमापर्यंत जाणारी बंदिश असेल तर तो स्वर ९२ हर्ट्झला येतो, तिथे फिल्टर ६० ला आणा आणि उतार सप्तकामागे १२ डेसिबलचाच ठेवा. तबल्याच्या ट्रॅकवर लावू नका, डग्ग्याची मींड खाली बरीच उतरते आणि फिल्टर नेमकी तीच कापतो. तिथे घरघर उरलीच तर वायरमन यांच्या प्रतिसादातली चार्जर आणि रेग्युलेटरची तपासणी आधी करून घ्या.